शेहेचाळीस मॅग्नेट आणि माझी भट्टी

टेम्पोतून गाडी उतरवली तेव्हा मागचं चाक फिरेना. चार माणसांनी जोर लावला. मी, गंगाधर, टेम्पोवाला आणि शेजारचा पंक्चरवाला. माझ्या एकट्यात दोघांचं बळ धरतात, म्हणजे पाच झाले. चाक बोटभर हललं आणि आतून आवाज आला, जात्यात कुणी खडे भरडावेत तसा.

"बेअरिंग गेलं," टेम्पोवाला म्हणाला.

"बेअरिंग असं रडत नाही," मी म्हणालो. "हे मॅग्नेट रडून राहिलेत."

नांदेडात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. वाइंडिंग म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची. छत्तीस वर्षांत मी एवढी तार भरली की पृथ्वीला दोन वेढे बसावेत. अर्धापूरच्या केळीला पाणी गोदावरी पाजत नाही, माझ्या हातच्या मोटारी पाजतात. गंगाधर माझा भागीदार. तो म्हणतो, दोन वेढे नाही, नांदेड ते हैदराबाद जाऊन यायला पुरेल एवढी तार असेल. तो असाच आहे. मी बोलतो, तो मोजतो. दुकान दोघांमुळे चालतं.

गाडी इलेक्ट्रिक स्कूटर होती. मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली. ती चालवणाऱ्या वैशाली मॅडम कंधारच्या. प्राथमिक शाळेत शिक्षिका. डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला, बगलेत कुबडी. त्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून आल्या होत्या. उतरताना टेम्पोवाल्यानं हात पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. दार धरून, कुबडी टेकून, वेळ लागला तेवढा घेऊन उतरल्या.

"मुनीरभाई, सोमवारी मला नव्या शाळेत हजर व्हायचंय," त्या म्हणाल्या. "शिरूर अनंतपाळला बदली झाली. खोली तालुक्याच्या गावात, शाळा चार किलोमीटरवर. वाटेत चढ आहे."

त्या दिवशी मंगळवार होता.

"नवी मोटार टाकू की," मी म्हणालो.

"मिळत नाही. कंपनीच बंद पडली. नवी गाडी घ्यायची तर तिला ही चाकं बसवायची, आरटीओचे कागद करायचे. दोन महिने जातील. भाऊ म्हणतो, बदली रद्द करून घे, घरी राहा, मी सोडत जाईन शाळेत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "सातवीपर्यंत आबांनी मला पाठीवर नेलं. ही गाडी आल्यापासून मला कुणी उचललेलं नाही. आता परत नको."

मी त्यांना सांगितलं, "मॅडम, माझ्या दुकानात मेलेली मोटार आली तर उठून सलाम करते. शुक्रवारी गाडी घेऊन जा."

गंगाधरनं माझ्याकडं पाहिलं. त्यानं अजून मोटार उघडलीही नव्हती.

मोटार उघडली. असल्या गाडीची मोटार चाकाच्या पोटातच असते. मधोमध तांब्याच्या गुंडाळ्यांचा गोल भाग असतो, तो फिरत नाही. त्याला स्टेटर म्हणतात. त्याच्याभोवती लोखंडी कडं असतं आणि कड्याला आतून मॅग्नेटच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. कडं फिरतं, तेच चाक. दोन्हींच्या मधे फट किती? दोन पोस्टकार्डं जेमतेम सरकतील एवढी. मॅग्नेटवर निकेलचा मुलामा असतो. तो फुटला आणि पाणी लागलं की मॅग्नेट गंजतो, आणि गंजलेला मॅग्नेट भिजल्या हरभऱ्यासारखा फुगतो. पोस्टकार्डाची फट भरून निघते. चाक अडकतं.

झाकण काढलं तसं वाटीभर लाल पाणी फरशीवर सांडलं.

"मॅडम, गाडी नदीत चालवता काय?"

"नाही हो. आबा धुतात. दर रविवारी. बोअरचा पाइप लावून."

"चाकावर?"

"चाकावर जास्तच. म्हणतात, पोरीची गाडी शाळेत सगळ्यांत चकचकीत दिसली पाहिजे." त्या फरशीवरच्या लाल पाण्याकडं बघत राहिल्या. "मुनीरभाई, आबांना हे सांगू नका. त्यांच्या धुण्यानं झालं म्हणून. एवढं करा."

मी कबूल केलं. खोटं बोलण्याचं काम माझ्याकडं कुणी विश्वासानं सोपवावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. एरवी लोक मला त्यातून परावृत्त करतात.

बुधवारी मॅग्नेट काढले. शेहेचाळीस होते. हे काम नाजूक आहे. कच्च्या माणसाची बोटं जातात. एवढासा मॅग्नेट, आंब्याच्या फोडीएवढा, पण दोन मॅग्नेटच्या मधे बोट आलं तर नख निळं करून सोडतो. हातोडी लोखंडाची चालत नाही, ती मॅग्नेटच ओढून घेतो. लाकडाची पाचर लावायची, सांध्यात ॲसिटोन सोडायचं, जुना गोंद नरम पडला की बाजूनं हलका ठोका द्यायचा. वरून दाबलं तर फुटतो, कारण दिसायला लोखंड असला तरी मॅग्नेट स्वभावानं काचेचा. माझ्या हातून एक सुटला तो थेट पंक्चरवाल्याच्या दुकानात जाऊन त्याच्या पान्याला चिकटला. गंगाधर म्हणतो, टेबलावरच्याच पान्याला चिकटला. असेल. पाना पंक्चरवाल्याचा होता एवढं तर खरं.

तीन मॅग्नेटचा हातातच भुगा झाला. तेवढे तीन मापाचे माझ्या भंगाराच्या डब्यात निघाले. बाकीचे घासून साफ केले. गंजाची पूड मॅग्नेटला घट्ट धरून बसते, फडक्यानं निघत नाही. त्यावर आमचा इलाज म्हणजे कणकेचा गोळा. घरून गव्हाची कणीक मळून आणायची आणि ती दाबून दाबून पूड उचलायची. ज्वारीचं पीठ चालत नाही, ते तुटतं. आमच्या बेगमला तिची कणीक कुठं जाते हे आता माहीत आहे. ती म्हणते, तुमच्या मॅग्नेटलाच जेवू घाला.

गुरुवारी चिकटवायचं काम. दोन भागांचा गोंद कालवायचा, एक उत्तर, एक दक्षिण असे आलटून पालटून मॅग्नेट बसवायचे. दोघांत अंतर सारखं राहावं म्हणून मी जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापून मधे घालतो. जाडीला लग्नपत्रिकेसारखी वस्तू नाही. दुपारपर्यंत शेहेचाळीसच्या शेहेचाळीस बसले. अशी रांग की दागिनेवाल्यानं बघावी.

गोंदाच्या डब्यावर लिहिलं होतं, वाळायला चोवीस तास. हलवू नये.

आता माझ्या भट्टीबद्दल सांगितलं पाहिजे. जुन्या लोखंडी कपाटात हीटर बसवून वडिलांनी ती केली. वाइंडिंग झालं की तारांवर व्हार्निश ओतायचं आणि मोटार भट्टीत भाजायची. एकशे तीस अंशांवर, चार तास. वडील मोटार आत ठेवताना बिस्मिल्ला म्हणायचे आणि बाहेर काढली की दुकानात जो असेल त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. भट्टीतून निघाल्याशिवाय मोटार दुकानाबाहेर जाणार नाही, हा घराण्याचा नेम. मी छत्तीस वर्षं तो पाळला. गूळसुद्धा.

गंगाधर त्या दिवशी देगलूरला सोयऱ्यांकडे तेराव्याला गेला होता. मी कडं उचललं, भट्टीत ठेवलं, दार लावलं. चोवीस तासांचं काम चार तासांत.

इथं एक गोष्ट लपवता आली असती. लपवत नाही. लातूरचा शिवप्पा दोन वर्षं माझ्या हाताखाली शिकला, आता तिथं इलेक्ट्रिक गाड्यांचंच काम करतो. तो मागं एकदा भेटायला आला होता तेव्हा माझी भट्टी बघून म्हणाला होता, "चाचा, मॅग्नेटला भट्टी दाखवू नका. ऐंशी अंशांच्या वर त्याचा जीव जातो." मी म्हणालो होतो, "ह्या भट्टीनं तुला मिस्त्री केलं, आता तिलाच शिकवतो का?" सगळे हसले होते. शिवप्पा पण हसला होता.

भट्टीचं दार लावताना मला ते आठवलं. आठवलं आणि मी हीटर चालू केला.

शुक्रवारी सकाळी मोटार जोडून चाक स्टँडवर फिरवलं. काय फिरलं! गाडी नवी असताना जेवढं फिरत असेल त्यापेक्षा जास्त. मीटरचा काटा शेवटाला टेकला. मी पंक्चरवाल्याला बोलावलं, चहावाल्याला बोलावलं, रस्त्यानं जाणाऱ्या दोघांना थांबवलं. "बघा! कंपनीपेक्षा जोरात. कंपनी बंद का पडली ते आता कळलं असेल." सगळ्यांना गूळ वाटला.

गंगाधरनं गूळ घेतला, पण तोंडात टाकला नाही. "जास्त का फिरून राहिलं?" तो म्हणाला.

"चांगलं केलं म्हणून."

"चांगलं केलं तर पहिल्याएवढं फिरंल. जास्त का?"

एवढ्यात मॅडम आल्या. सोबत त्यांचे आबा. सत्तरी ओलांडलेली, धोतर, पांढरी टोपी, खांदे अजून रुंद. त्यांनी गाडीला आधी हात लावला, मग मला रामराम घातला.

"मिस्त्री, पोरीची गाडी झाली म्हना की!"

"आबा, झाली कशाला, उडून राहिली."

मॅडम गाडीवर बसल्या. आमच्या रस्त्यानं पुढं गेलं की रेल्वेच्या पुलाचा चढ लागतो. त्या तिकडं निघाल्या. सपाट रस्त्यावर गाडी सुसाट गेली. आबा हसत होते, मी आबांपेक्षा जोरात हसत होतो. चढाला लागली तशी ती मंदावली. मग आणखी मंदावली. अर्ध्या चढावर थांबली आणि मागं सरकायला लागली. मॅडमनी ब्रेक दाबला. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले.

आम्ही धावलो. सगळ्यांत आधी आबा पोहोचले. त्या वयात ते माझ्या पुढं कसे गेले ते मला अजून कळलेलं नाही. ते गाडीपाशी गेले आणि पोरीकडं पाठ करून खाली वाकले. दोन्ही हात मागं.

"बस," ते म्हणाले.

इतकी वर्षं गेली होती आणि त्यांच्या अंगाला ती सवय तशीच होती. मॅडम चौतिशीच्या. रस्त्यावर माणसं थांबून बघत होती. त्या बसल्या नाहीत. ब्रेक धरून तशाच राहिल्या. "आबा, उठा," एवढंच म्हणाल्या. आबा उठले नाहीत. तसेच वाकून राहिले.

मी आणि गंगाधरनं गाडी मागून धरली आणि हळूहळू खाली आणली. त्या शेवटपर्यंत गाडीवरच होत्या. आबा बाजूनं चालत आले, कुणाकडं न बघता.

दुकानात आल्यावर गंगाधरनं मोटारीच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडल्या आणि चाक हातानं फिरवलं. मॅग्नेट जिवंत असले तर असं चाक मध भरल्यासारखं जड फिरतं. ते सायकलच्या चाकासारखं गरगर फिरलं.

"मुनीर, कडं भट्टीत किती वेळ होतं?" गंगाधरनं हळूच विचारलं. मला तो मुनीर फक्त कुणी गेल्यावर म्हणतो.

आता समजलं असेल. मॅग्नेट कमजोर झाला की रिकामं चाक जास्त पळतं, कारण त्याला अडवणारं कुणी नसतं. ओझं आलं की तेच चाक बसतं. रिकाम्या गाडीचा बैल सगळ्यांच्या पुढं असतो, तसं. मेलेल्या मॅग्नेटमध्ये परत जीव घालणारं यंत्र आमच्या भागात नाही.

मॅडम विचारत होत्या, "काय झालं, मुनीरभाई?"

माझ्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती. बॅटरी उतरली. कंपनीचा कंट्रोलर खराब. आबांचं पाणी. तिसरं तर निम्मं खरंही होतं, आणि गंज होताच की! आबा समोर बसलेले. मी एक शब्द बोललो असतो तर सगळं त्यांच्या अंगावर गेलं असतं, आणि त्यांनी ते मुकाट्यानं घेतलंही असतं.

"मॅडम, मी केलं," मी म्हणालो. "मोटार दुरुस्त होत आली होती. मी ती भट्टीत भाजली. मला एकानं सांगितलं होतं भाजू नका म्हणून. मी घाई केली. गाडीचे मॅग्नेट मी मारले."

दुकानात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आमच्या दुकानात शांतता नसते, मी असतो.

मॅडम म्हणाल्या, "सोमवार तर आहेच ना अजून."

शिवप्पाला फोन लावला. वाटलं होतं, हसेल.

"कोणत्या मापाचे, चाचा?" एवढंच विचारलं त्यानं. मी माप सांगितलं.

"एक मोटार पडलीय माझ्याकडं. दुसऱ्या कंपनीची, वाइंडिंग जळालेली. कडं तुम्हाला बसणार नाही, पण पट्ट्या ह्याच मापाच्या. थोड्या गंजल्यात. रिकामं कडं घेऊन या."

शनिवारी मी कडं मांडीवर घेऊन लातूरच्या एसटीत बसलो. चाकाएवढं कडं. कंडक्टरनं विचारलं, "चाचा, हे काय?" एरवी मी त्याला सांगितलं असतं की हे विमानाचं आहे. त्या दिवशी म्हणालो, "चूक आहे. दुरुस्त करायला नेतोय."

शिवप्पाच्या दुकानात मी स्टूलवर बसलो आणि तो मुख्य जागेवर. त्यानं सांगितलं तसं केलं. पाचर, ॲसिटोन, ठोका. गंज घासला. मी कणकेचं सांगितलं तर त्यानं शेजारच्या खानावळीतून गोळा मागवला आणि म्हणाला, "हे मात्र तुमच्याकडूनच शिकलो." मधे घालायच्या कागदी पट्ट्यांसाठी लग्नपत्रिका त्याची स्वतःची होती. जपून ठेवलेल्या उरलेल्या दोन. मी नको म्हणालो. तो म्हणाला, "चाचा, लग्न झालं की पत्रिकेचं काम संपतं. हिला दुसरं काम लागलं."

शेवटचा मॅग्नेट बसला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. शिवप्पानं कडं फळीवर ठेवलं, वर फडकं टाकलं.

"आता?" मी विचारलं.

"आता काही नाही. उद्या तीनपर्यंत बसायचं."

छत्तीस वर्षांत मी एवढं अवघड काम केलं नव्हतं. गोंद वाळत होता आणि मला काहीही करायचं नव्हतं. रविवारी सकाळपर्यंत मी चार वेळा फडकं उचललं. पाचव्या वेळी शिवप्पानं माझा हात धरला. ओरडला नाही. नुसता धरला.

तीनला कडं घेऊन मी थेट शिरूर अनंतपाळ गाठलं. गंगाधर मॅडमच्या सामानाच्या टेम्पोत गाडी आणि स्टेटर घेऊन आला होता. खोलीच्या दारातच मोटार जोडली. मॅग्नेट जिवंत आहेत हे तेव्हाच कळलं. स्टेटर आत सरकवताना कड्यानं तो असा ओढला की माझं अंगठ्याचं नख गेलं. मी ओरडलो, पण आनंदानं. गंगाधरनं तारा जोडून चाक फिरवलं. जड. मधात फिरावं तसं.

मग स्टँडवर पळवलं. परवापेक्षा हळू पळालं. मी कुणालाही बोलावलं नाही.

सोमवारी सकाळी मॅडम निघाल्या. मी, गंगाधर आणि सामानासोबत आलेले आबा टेम्पोतून मागं. गावाबाहेर चढ लागला. गाडी मंदावली. आबांनी माझं मनगट धरलं. गाडी आणखी थोडी मंदावली, पण थांबली नाही. एकाच चालीनं, घाई न करता, ती वर गेली आणि पलीकडं दिसेनाशी झाली. मॅडमनी मागं वळून पाहिलं नाही. आम्ही शाळेपर्यंत गेलोही नाही. त्यांना आमचं काम नव्हतं.

टेम्पो वळवताना आबांनी विचारलं, "मिस्त्री, खरं सांगा. आधी बिघडली कशानं व्हती गाडी? तुमच्या भट्टीच्या आधी?"

गंगाधर खिडकीबाहेर बघायला लागला.

"कंपनीचा गोंद कच्चा होता, आबा," मी म्हणालो. "म्हणून तर बंद पडली कंपनी."

"आसं हाय व्हय. म्हंजी धुतली तर चालंल?"

"धुवू नका. नवा गोंद लावलाय, त्याला पाइप सोसत नाही. ओल्या फडक्यानं पुसा. चमक जास्त येते."

"पुसतो," आबा म्हणाले. "फडक्यानं पुसतो." थोडं पुढं गेल्यावर टोपी सारखी करत म्हणाले, "लई चांगलं खोटं बोलता, मिस्त्री."

भट्टी अजून आहे. वाइंडिंग अजून तिच्यातच भाजतो, गूळही वाटतो. पण तिच्या दारावर गंगाधरनं रंगानं लिहून ठेवलंय : मॅग्नेट नाही. आणि रिकामं चाक सुसाट फिरायला लागलं की मी आता गिऱ्हाइकाला बोलावत नाही. आधी त्याच्यावर ओझं टाकून बघतो.